गुडघ्याचे एकशे सव्वीस मार्क

सात हा आकडा प्रल्हादराव खानोलकरांनी स्वतःच निवडला होता, त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहिली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "गुडघा बदलला की तीन दिवस हॉस्पिटल, मग रिहॅब. तिथे राहून व्यायाम, चालणं, जिने. साधारण सात ते दहा दिवस. कुणाला जास्तही लागतात. ते बरंचसं तुमच्यावर आहे."

या बोलण्यातलं 'साधारण', 'ते दहा' आणि 'जास्तही' प्रल्हादरावांनी फोलपटासारखं पाखडून टाकलं आणि दोनच दाणे घेऊन ते न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला घरी आले: 'सात' आणि 'तुमच्यावर'. सांगलीच्या शाळेत अकरावीला पहिला आलेला माणूस (ब तुकडीत, पण एवढ्या खोलात कुणी जात नाही) याहून जास्त ऐकून घेत नसतो. त्याच संध्याकाळी त्यांनी आयसेलिनला राहणाऱ्या गिरीशला फोन लावला.

"गिरीश, तुला खुब्याच्या ऑपरेशननंतर रिहॅबमध्ये किती दिवस ठेवलं होतं रे?"

"अकरा. का?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरवर सातव्या दिवसाभोवती लाल पेनने गोल काढला. गिरीश केळशीकर हा त्यांचा तीस वर्षांचा जिवलग मित्र. दोघं एकाच महिन्यात अमेरिकेत आले, एकाच लॅबमध्ये चिकटले. त्यात गिरीशने पहिली गाडी तीन आठवडे आधी घेतली होती, आणि आता २००५ साल उजाडलं तरी प्रल्हादरावांच्या मनातून ते तीन आठवडे गेलेले नव्हते.

इथवर सगळा हौसेचा मामला होता. त्याला खरं वजन आणलं नेत्राने.

नेत्रा ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच. बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची आणि जर्सी सिटीत सत्ताविसाव्या मजल्यावर राहायची. गुडघ्याची तारीख ठरली तशी ती एका शनिवारी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं बोलली.

"बाबा, लेट्स मेक अ डील. रिहॅबवाल्यांनी लिहून दिलं की तू एकटा राहू शकतोस, देन फाइन, तू तुझ्या घरी. नाही लिहिलं, तर तू माझ्याकडे येतोस आणि स्प्रिंगमध्ये आपण हे घर विकायला काढतो. नो आर्ग्युमेंट."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? खिडकीतून हडसन नदी बघत बसू?"

"लोक त्या व्ह्यूसाठी वेटिंग लिस्टवर असतात, बाबा."

"लोकांना बसू दे."

"आय ॲम सीरियस. तू इथे पडलास तर मला कळणार कधी? वीकेंडला?"

पत्नी रत्नाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या चार बेडरूमच्या घरात प्रल्हादराव एकटे होते. घर मोठं आहे, एकट्याला काय करायचंय, असं लोक म्हणत. प्रल्हादराव त्यावर 'हं' म्हणत. कोणत्या पायरीवर बसून कोण मटार सोलत असे हे ज्याला माहीत आहे त्याला घर मोठं वाटत नाही. पण ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. ते म्हणाले, "डील."

रूट वन हायवेच्या मागे, झाडांच्या आड ते रिहॅब होतं. गुरुवारी प्रल्हादराव नव्या गुडघ्यासह तिथे दाखल झाले. दुसऱ्याच तासाला डेनिस नावाची थेरपिस्ट हातात फॉर्म घेऊन आली. उंच, काटक बाई, आवाज कवायतीच्या मास्तरांसारखा.

"मिस्टर खानोलकर, आम्ही अठरा गोष्टी बघतो," ती म्हणाली. "जेवण, आंघोळ, कपडे, चालणं, जिने. शिवाय समजणं, बोलणं, विचार करणं. प्रत्येकाला एक ते सात. सात म्हणजे पूर्णपणे स्वतःचं स्वतः. एक म्हणजे सगळं दुसऱ्याने करायचं. दर बुधवारी टीम बसते आणि कोण घरी जाणार ते ठरवते."

"एकशे सव्वीस," प्रल्हादराव म्हणाले.

"पार्डन?"

"अठरा साते एकशे सव्वीस. पासिंग किती?"

"याच्यात पासिंग नसतं."

"आणि डिस्टिंक्शन?"

बारा वर्षांच्या नोकरीत डेनिसला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. तिने पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. पहिल्या दिवशी चौऱ्याहत्तर मिळाले. प्रल्हादरावांनी आकडा जेवणाच्या मेन्यूकार्डामागे लिहून ठेवला आणि रात्रभर त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवसासारखं होत राहिलं.

शुक्रवारी ते सकाळी सहाला उठून बसले. डेनिसने दहा वेळा पाय उचलायला सांगितला तर ते बारा वेळा उचलत आणि तिच्याकडे बघत, तिने पाहिलं ना म्हणून. शनिवारी आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला. फक्त एक सल होता. वॉकर धरून माणूस कितीही झोकात चालला तरी चालण्याचे सहाच मिळत. हातात साधन म्हटलं की सातवा मार्क गेला. प्रल्हादराव त्या ॲल्युमिनियमच्या चौकटीकडे बघत तेव्हा आपला मार्क खाल्लेल्या माणसाकडे बघावं तसं बघत.

शनिवारी संध्याकाळी मंडळी भेटायला आली.

मराठी मंडळाच्या याहू ग्रुपवर विनीता नावाच्या उत्साही मुलीने डब्यांची यादीच टाकली होती: कोणत्या दिवशी कुणी काय न्यायचं, रिहॅबमध्ये आणि पुढे दोन आठवडे घरी. त्या दिवशी एकदम नऊ जण आले. आता भेटायला आलेल्या मराठी माणसांच्या देखत पेशंटने स्वतः पाण्याचा ग्लास उचलणं म्हणजे त्यांचा अपमानच. प्रल्हादरावांनी हात पुढे केला की तिकडून दोन हात येत.

"भावजी, बसा, बसा! मी देते ना," अहिल्यावहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पोळीचे तुकडेसुद्धा करून ताटात ठेवले. त्यांचे यजमान राजाराम यांनी वाकून प्रल्हादरावांच्या पायात मोजे चढवले. कुणी पांघरूण सारखं केलं, कुणी संत्रं सोलून एकेक फोड हातात दिली. एकाने तर, चष्मा पुसू का, म्हणून विचारलं आणि उत्तर यायच्या आत नाकावरून काढून घेतला. प्रल्हादराव कौतुकात न्हाऊन निघाले. दारात संध्याकाळच्या पाळीची नर्स ग्लोरिया उभी होती आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होती. तिलाही आपल्या गोतावळ्याचं कौतुक वाटत असणार, असं प्रल्हादरावांना वाटलं.

रविवारी सकाळी आकडा होता ब्याऐंशी.

"ब्याऐंशी?" प्रल्हादराव पलंगावर ताठ झाले. "काल अठ्ठ्याऐंशी होते! माझा गुडघा रात्रीतून खराब झाला?"

"गुडघा छान आहे," डेनिस म्हणाली. "पण जेवण, एक माणूस लागला. मोजे, एक माणूस लागला. चष्म्याचं काय ते ग्लोरियाने लिहिलंय, मला वाचता येत नाहीये."

"पण मला येतं ते सगळं! ते लोक करू देत नव्हते! रीचेकिंग करा."

"मिस्टर खानोलकर, तुम्हाला काय येतं ते आम्ही लिहीत नाही. तुम्ही काय करता ते लिहितो."

हे वाक्य त्यांना जरा लागलं. रत्नाबाई असताना असा फॉर्म घरी कुणी भरला असता तर मार्क किती पडले असते, हा हिशेब त्यांनी मनात सुरू केला आणि तिसऱ्या ओळीवर थांबवला.

मग त्यांनी गिरीशला फोन करून फर्मान सोडलं. गिरीशने ते ग्रुपवर टाकलं: भेटायला या, डबे आणा, पण पेशंटला कुणी हात लावायचा नाही. रविवारी मंडळी आली ती शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसावं तशी हात मांडीवर ठेवून बसली. अहिल्यावहिनींनी आमटीचा स्टीलचा डबा आणला होता. त्याचं झाकण घट्ट बसलं होतं.

प्रल्हादरावांनी नखाने उचकटून पाहिलं. मग चमच्याच्या दांडीने. मग डबा पोटाशी धरून.

"अहो, मी फक्त धरते हो," अहिल्यावहिनी कळवळून म्हणाल्या.

"वहिनी, हात मागे!"

"मला नाही बाई बघवत." त्या उठून बाहेर गेल्या. आतून चार मिनिटं फक्त श्वासांचा आवाज येत होता. मग झाकण सुटलं. ते कुठे गेलं हे नंतर सापडलं; आमटी मात्र ताबडतोब सापडली. अर्धी पलंगावर आणि उरलेली राजारामांच्या पांढऱ्या शर्टावर.

आवाज ऐकून ग्लोरिया धावत आली. "हे कुणी केलं?"

"मी," प्रल्हादराव छाती काढून म्हणाले. "एकट्याने."

जेवणाचे सातपैकी सात मिळाले. सांडण्याबद्दल त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

त्यानंतर गाडी वेगात निघाली. सोमवारी शंभरी पार झाली, मंगळवारी एकशे आठ. डेनिस म्हणाली, उद्याच्या मीटिंगमध्ये मी स्वतः तुमच्या बाजूने बोलणार. नेत्राही मीटिंगसाठी मंगळवारी संध्याकाळीच ऑफिसातून निघाली होती. प्रल्हादरावांनी उद्याची रंगीत तालीम म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला, पँट घातली (स्वतः), आणि खुर्चीत बसून ते आपल्या घराच्या दाराचं कुलूप कसं उघडायचं याची उजळणी करू लागले.

तेवढ्यात राजाराम आणि अहिल्यावहिनी आले. शर्ट बदलून. तासभर गप्पा झाल्या आणि ती दोघं निघाली.

आता आलेला पाहुणा निघाला की यजमानाने खुर्चीत बसून 'बरंय' म्हणायचं, हे प्रल्हादरावांना जमेना. वॉर्डातून बाहेर जायचं तर नर्सला सांगून, हा नियम त्यांना ठाऊक होता. पण ग्लोरिया दुसऱ्या खोलीत होती आणि आपण जाणार ते फक्त लिफ्टपर्यंत. त्यांनी वॉकर घेतला.

"अहो, तुम्ही कशाला उठताय?" राजाराम म्हणाले.

"लिफ्टपर्यंत येतो."

लिफ्टपाशी राजारामांना आठवलं की मुलाच्या ग्रीन कार्डाचं सांगायचंच राहिलं. ते सांगता सांगता लिफ्ट दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा विषय ऐन रंगात होता, म्हणून तिघं आत शिरले. खाली दारावर सिक्युरिटीचा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट बघून त्याने अदबीने दार धरलं आणि म्हणाला, "हॅव अ गुड इव्हनिंग, सर." आपण पेशंट वाटत नाही, या विचाराने प्रल्हादराव इतके फुलले की उतारावरून कधी खाली आले ते त्यांनाच कळलं नाही.

गाडीशी उभं राहिल्यावर खऱ्या गप्पांना सुरुवात झाली. ऑक्टोबरची हवा छान होती. ग्रीन कार्डावरून विषय ओक ट्री रोडवरच्या नव्या मिठाईवाल्याच्या बाकरवडीवर गेला, तिथून कुणाच्या तरी मुलीच्या लग्नावर, तिथून अमेरिकन गवतावर. "चला, निघतो," असं राजाराम पाच वेळा म्हणाले आणि पाचही वेळा अहिल्यावहिनींना काहीतरी आठवलं. चाळीस मिनिटं गेली.

वर ग्लोरिया गोळ्या घेऊन खोलीत गेली होती. खुर्ची रिकामी, बाथरूम रिकामं, वॉकर गायब. तिने व्यायामाचा हॉल पाहिला, जेवणघर पाहिलं, एका शेजारच्या आजीबाईंच्या पलंगाखालीही पाहिलं. मग तिने नेत्राच्या सेलफोनवर फोन केला.

"मिस खानोलकर, घाबरू नका. तुमचे वडील आम्हाला सापडत नाहीयेत."

नेत्रा रूट वनवर दहा मिनिटांच्या अंतरावर होती. ती सहा मिनिटांत पोचली. पार्किंग लॉटमध्ये वळताना तिच्या गाडीच्या दिव्यांच्या झोतात जे दिसलं ते असं: एक टोयोटा हळूहळू मागे येते आहे. एक वॉकर कुणा तिऱ्हाइताच्या व्हॅनला टेकून निवांत उभा आहे. आणि टोयोटाच्या मागे, दोन्ही हात मोकळे सोडून, ट्रॅफिक पोलिसाच्या ऐटीत तिचे वडील एकेक पाऊल मागे सरत ओरडताहेत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या! डावीकडे घ्या! अजून... बास, बास!"

समोरच्या दारातून ग्लोरिया आणि सिक्युरिटीवाला धावत आले.

"बाबा!"

"अरे, नेत्रा! आलीस? थांब हां, यांना एवढं बाहेर काढून देतो."

बुधवारी सकाळी टीम बसली. डॉक्टर, डेनिस, सोशल वर्करबाई आणि रात्रीचा रिपोर्ट. नेत्राला आणि प्रल्हादरावांना समोर बसवलं. डेनिस सकाळी टेप घेऊन पार्किंगमध्ये जाऊन आली होती.

"एक उतार, एक फुटपाथची कड, जाऊन-येऊन सहाशे फूट," तिने वाचलं. "चाळीस मिनिटं उभे. वॉकरशिवाय चौदा पावलं, त्यातली नऊ उलटी. सहाव्या दिवशी हे मी आजवर पाहिलेलं नाही."

प्रल्हादरावांनी अभिमानाने नेत्राकडे पाहिलं. नेत्रा टेबलाकडे बघत होती.

"पण," सोशल वर्करबाई म्हणाल्या, "नर्सला न सांगता गेले. वॉकर सोडला. चालत्या गाडीच्या मागे उभे राहिले. विचारशक्तीचे सातावरून दोन. पायांनी हे गृहस्थ घरी जाऊ शकतात. पण एकटे राहण्याइतकी समज आहे, असं मी लिहू शकत नाही. मिस खानोलकर, ते तुमच्याकडे राहतील ना?"

नेत्राला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिला जे हवं होतं ते टेबलावर तिच्यासमोर येऊन पडलं होतं, आणि डील म्हणजे डील.

नेत्राने खुर्ची पुढे ओढली. मग इंग्रजीत बोलली, सावकाश.

"आमच्याकडे पाहुणे निघाले की घरातलं कुणीतरी गाडीपर्यंत जातं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभं राहतं. मी लहान असल्यापासून हे काम आईचं होतं. बाबा सोफ्यावरून हात हलवायचे. बर्फ असला तरी आई कोट घालून जायची." तिने मान वर केली. "आई गेल्यापासून बाबा जातात. प्रत्येक वेळी. गुडघा इतका दुखायचा तेव्हासुद्धा. मी निघते तेव्हाही. आरशात दिसतात मला, कोपऱ्यापर्यंत. नियम मोडला ते चुकलंच. पण त्यांना समज नाही असं नका लिहू."

प्रल्हादराव भिंतीवरच्या, आग लागल्यास पाळायच्या सूचना लक्षपूर्वक वाचू लागले. पोरगी आरशात बघते, हे त्यांना माहीत नव्हतं. अशी मुलगी आपली आहे, हे त्या तिन्ही लोकांना पुन्हा एकदा ओळख करून देऊन सांगावं, असं त्यांना फार वाटलं. पण ते पुन्हा सूचना क्रमांक एकवर गेले.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "सर, नर्सला का नाही सांगितलंत?"

"तिने व्हीलचेअर आणली असती," प्रल्हादराव म्हणाले. "आणि बसून कुणी पाहुण्याला निरोप देतं का?"

डॉक्टरांनी डेनिसकडे पाहिलं. डेनिसने घड्याळाकडे.

"मी चारला घरी जाते," ती म्हणाली. "मिस्टर खानोलकर, आज मी तुमची पाहुणी. मला निरोप द्या. नियमाने. बेल वाजवायची, नर्सला सांगायचं, वॉकर घ्यायचा, लिफ्टपर्यंत यायचं आणि परत जायचं."

"एवढंच?"

"आणि पाच मिनिटांत," नेत्रा म्हणाली. "दॅट्स द हार्ड पार्ट."

चार वाजता अर्धा वॉर्ड कॉरिडॉरमध्ये जमला. ग्लोरिया त्या दिवशी लवकर आली होती. तिच्या हातात घड्याळ. प्रल्हादरावांनी बेल दाबली. नर्सची परवानगी घेतली. दोन्ही हातांनी वॉकर धरला, इतका घट्ट की तो आता त्यांना सोडून जाईल अशी भीती वाटावी. लिफ्टपर्यंत दोन मिनिटं. तिथे ते थांबले, कंबर सरळ केली आणि म्हणाले, "आल्याबद्दल आनंद झाला. पुन्हा या."

लिफ्टचं दार उघडलं. डेनिसने एक पाय आत टाकला आणि सिलॅबसच्या बाहेरचा प्रश्न टाकला.

"बाय द वे, तुमच्याकडचे आंबे म्हणे फार वेगळे असतात?"

नेत्राने डोळे मिटून घेतले. प्रल्हादरावांच्या ओठांवर देवगड आलं, रत्नागिरी आलं, पेंढ्यातली पेटी आली, डब्यातल्या रसात आणि खऱ्या रसात काय फरक आहे ते आलं. कपाळावरची शीर उडाली. ग्लोरिया घड्याळाकडे बघत होती. प्रल्हादरावांनी सगळी आमराई एका घोटात गिळली.

"चांगले असतात," ते म्हणाले. "गुड इव्हनिंग."

दार बंद झालं. चार मिनिटं वीस सेकंदांत ते परत खुर्चीत होते, आणि कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजत होत्या. सोशल वर्करबाईंनी लिहिलं: एकटे राहण्यास हरकत नाही. एकूण मार्क एकशे बारा. गुरुवारी सकाळी घरी. (गुरुवार म्हणजे आठवा दिवस, असं ग्लोरिया म्हणाली. प्रल्हादरावांनी तिला समजावून सांगितलं की मुक्काम नेहमी रात्रींवर मोजतात, आणि रात्री सातच होतात.)

त्या संध्याकाळी त्यांनी नेत्राच्या लॅपटॉपवर याहू ग्रुपसाठी मेल सांगितली. नेत्रा टाइप करत होती.

"लिही. प्रल्हाद खानोलकर, एकशे सव्वीसपैकी एकशे बारा. सात रात्रींत घरी. यापुढे कुणाचीही, कसलीही मदत लागणार नाही."

"बाबा, शेवटचं वाक्य नक्की?"

"ते बोल्ड कर."

गुरुवारी नेत्राने त्यांना घरी आणलं. कुलूप त्यांनीच उघडलं. जिन्याच्या पायऱ्या ते एकदा चढले, एकदा उतरले, आणि गरज नसताना आणखी एकदा चढले. नेत्रा सगळीकडे फिरून गालिचे गुंडाळून आली.

"फ्रिज एम्प्टी आहे. तुझ्या सर्जरीआधी मी सगळं काढून टाकलं होतं. काही आणून ठेवू?"

"कशाला? दोन आठवडे डबे यायचेत. आणलंस तर सडेल."

चारला ती निघाली. शुक्रवारी तिच्या ऑफिसात मोठं काम होतं. दारात तिने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "आय ॲम प्राउड ऑफ यू, बाबा. आणि घर विकण्याचं परत नाही काढणार. प्रॉमिस." प्रल्हादराव वॉकर घेऊन ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेले आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत छाती पुढे काढून उभे राहिले, ती आरशात बघते आहे हे माहीत असल्याने जरा जास्तच.

साडेपाचला त्यांनी टेबल पुसलं. ताट घेतलं, वाटी मांडली, पाणी भरलं. सगळं सातपैकी सात. सहाला ते खिडकीशी बसले. एक गाडी आली आणि पुढे गेली. साडेसहाला आणखी एक आली, ती शेजाऱ्यांची निघाली. सव्वासातला त्यांनी गिरीशला फोन लावला.

"सहज केला रे. घरी आलो म्हणून सांगायला. सात रात्री."

"वाचलं ना! सगळ्यांना काय अभिमान वाटला तुझा! विनीताने तर तुझी मेल वाचल्या वाचल्या डब्यांची यादी कॅन्सल करून टाकली. म्हणाली, काकांना कसलीही मदत नकोय, उगाच त्यांचा अपमान नको."

प्रल्हादरावांनी मांडून ठेवलेल्या ताटाकडे पाहिलं.

"मला नाही जमलं बाबा तुझ्यासारखं," गिरीश म्हणाला. "मी अकरा दिवस राहिलो. मग घरी आल्यावर दीड महिना डबे आले. अहिल्यावहिनींच्या पुरणपोळ्या दोनदा. विनीताची मसालेभाताची पातेली. शेवटी शेवटी लोक दिसले की मी काठी घ्यायचो."

"म्हणजे तुला चालता येत होतं?"

"अरे, पाचव्या दिवसापासून. बरं, तुझं जेवण झालं का?"

"केव्हाच," प्रल्हादराव म्हणाले.

फोन ठेवून ते उठले आणि कुणाचीही, कसलीही मदत न घेता फ्रिजपर्यंत चालत गेले. आत अर्धं लिंबू होतं.